पाठीवर पिल्ले वाढवणारा भेक



बेडकाच्या आयुष्याचे चित्र आपल्याकडे लहान मुलालासुद्धा पाठ असते. पाण्यात अंडी, अंड्यांतून बेडूकमासे, बेडूकमाशाला आधी मागचे पाय, मग पुढचे, मग शेपूट आटते आणि एक दिवस पठ्ठ्या उडी मारून काठावर येतो. चित्र बरोबरच आहे. परंतु त्यात न बसणारे बेडूक जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या एकाची हकीगत आज सांगावयाची आहे. हा प्राणी जन्मभर पाणी सोडत नाही म्हटले तरी चालेल. त्याला जीभ नाही, दात नाहीत. आणि त्याची पिल्ले बाहेर येतात ती आईच्या पाठीच्या कातडीतून! त्याला म्हणतात सुरिनामी भेक. शास्त्रज्ञांनी ठेवलेले नाव पिपा पिपा. कुणी लांबून दोनदा हाक मारावी तसे.

भेक म्हणजे काय, ते आधी सांगतो. पावसाळ्यात रात्री दिव्याखाली किडे टिपायला येणारा, पाठ खरखरीत असलेला, उड्या मारण्यापेक्षा सरपटल्यासारखा चालणारा जो बेडूक आपल्या अंगणात दिसतो, त्याला पुस्तकात भेक म्हणतात. सुरिनामी भेकाला भेक म्हणण्याचा प्रघात आहे खरा, पण हा त्या कुळातला नव्हे. जीभ नसलेल्या पाणबेडकांचे एक वेगळेच कुळ आहे, त्यातला हा.

दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीचे खोरे आणि त्याच्या उत्तरेचे सुरिनाम, गयाना हे देश, हे त्याचे घर. तिथल्या संथ, गढूळ, पालापाचोळ्याने भरलेल्या ओढ्या-डबक्यांच्या तळाशी तो पडून असतो. दिसतो कसा? सागाचे वाळके पान पावसात भिजून चिखलाला चिकटलेले आपण पाहिले असेल. त्या पानाला चार पाय लावा, पुढे एक तिकोनी डोके काढा, आणि त्या डोक्यावर मोहरीएवढे दोन डोळे ठेवा. झाला सुरिनामी भेक. मादी वीतभर होते, नर तिच्याहून लहान. पुढच्या पायांच्या बोटांच्या टोकांना चांदणीसारखे बारीक फाटे असतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग तो काय? तेव्हा ही चांदणीची बोटे पुढे पसरून तो चाचपत राहतो. शिवाय माशाच्या अंगावर पाण्याची हालचाल ओळखणारी जी इंद्रिये असतात, तशी ह्याच्याही अंगावर असतात. मासा किंवा किडा तोंडाजवळ आला, की हा एकदम जबडा उघडून घसा फुगवतो. पाणी आत ओढले जाते, त्याच्याबरोबर सावज आत. इतक्या झटकन की बघणाऱ्याला एवढेच कळते, मघाशी मासा होता आणि आता नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १६९९ साली मारिया सिबिला मेरियन नावाची एक चित्रकार बाई आपल्या धाकट्या मुलीला बरोबर घेऊन ॲमस्टरडॅमहून जहाजाने सुरिनामला गेली. त्या वेळी तिची पन्नाशी उलटलेली होती. किडे आणि त्यांच्या अळ्या जिवंत पाळून, त्यांचे रूप बदलताना पाहून त्यांची चित्रे काढावीत, हा तिचा ध्यास. दोन वर्षांनी तापाने बेजार होऊन ती परतली, आणि १७०५ साली तिचे मोठे चित्रमय पुस्तक निघाले. पुस्तक किड्यांचे, पण त्यातल्या एका चित्रात पाठीच्या भोकांतून पिल्ले डोकावत असलेली ही पिपाची मादी आहे. युरोपातले पंडित थक्क झाले. पाठीतून जन्म? मग अंडी पाठीत गेली कशी? की पाठीतच तयार झाली?

ह्या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला अडीचशे वर्षे लागली. अंडी पाठीत तयार होत नाहीत, इतर बेडकांसारखी पोटातूनच येतात, एवढे लवकरच कळले. पण पोटातून निघालेली अंडी पाठीवर चढतात कशी? १८९६ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या बार्टलेट ह्यांनी असे लिहिले की मादीच्या शरीरातून एक नळी बाहेर येते, ती पाठीकडे वळते, आणि पाठीवर बसलेला नर ती दाबून अंडी पसरवतो. हे वर्णन मोठ्या माणसाचे, मोठ्या संस्थेतले. ते पुस्तकांतून उतरत गेले. साठ-एक वर्षे विद्यार्थ्यांनी ते वाचले.

मग अमेरिकेत शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात जॉर्ज रॅब आणि मेरी रॅब ह्या नवराबायकोने पिपाची जोडी काचेच्या टाकीत ठेवली आणि ती नजरेआड होऊ दिली नाही. त्यांनी पाहिले ते १९६० साली छापले. नळीबिळी काही नाही. हे दोघे प्राणी पाण्यात कोलांट्या घेतात!

ते असे. नर मादीला मागून, कमरेशी, मिठी मारतो. ही मिठी तासन्‌तास सुटत नाही. एक दिवसाहूनही अधिक चालते. ह्या काळात मादीच्या पाठीची कातडी सुजून मऊ होते, पावसात भिजलेल्या मातीसारखी. मग जोडी तळावरून वर उठते, पाण्यात उलटी होते, म्हणजे पोटे वर आणि पाठी खाली, आणि त्या उलट्या स्थितीत मादी अंडी सोडते. तीन, पाच, कधी दहा. ती नराच्या पोटावर येतात, तिथेच त्यांचे फलन होते, आणि कोलांटी पुरी करून जोडी खाली येते तेव्हा अंडी घरंगळून मादीच्या पाठीवर पडतात. नर आपल्या पोटाने ती दाबून बसवतो. पुन्हा वर, पुन्हा कोलांटी. असे करता करता शंभराच्या आसपास अंडी पाठीवर जमतात. मौज अशी की मादीच्या पाठीलाच अंडी चिकटतात, नराच्या अंगाला नाहीत, आणि जी तळाशी पडतात ती वाया जातात.

शिक्षकमित्रांनो, मला ह्या हकीगतीत सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट, की इथे यंत्र लागले नाही. काच, पाणी, आणि रात्री जागायची तयारी, एवढ्यावर साठ वर्षांचा पाठ बदलला. दूर कशाला, आपल्या सह्याद्रीतला एक रातबेडूक घ्या. ओढ्याच्या पाण्यावर झुकलेल्या पानांवर तो अंडी घालतो. त्याला शास्त्रीय नाव मिळाले १९५५ साली. पण त्याचा नर मादीला मिठी न मारताच नुसता तिच्यावर बसतो, आणि तो बाजूला झाल्यावर मादी अंडी घालते, ही तऱ्हा २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीही रात्रीमागून रात्री ओढ्यात उभे राहून पाहिलेली.

आता पाळण्याविषयी. युरोप-अमेरिकेत अनेक हौशी लोक घरच्या टाकीत पिपा पाळतात, आणि काहींच्या टाकीत तो वीतोही. आपल्याकडे परदेशी प्राणी आणावयाचे तर सरकारी परवान्याचे काम असते, आणि चोरून आणलेला प्राणी घेऊ नये हे सांगायला नको. पण तो कसा ठेवतात हे समजून घेण्यासारखे आहे, कारण पाण्यातला कोणताही बेडूक ठेवायचे तत्त्व तेच.

पहिली बाब पाणी. बेडकाची कातडी पाणी पिते. पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात जाते. म्हणून नळाचे, किंवा टीसीएल पावडर टाकलेल्या विहिरीचे ताजे पाणी टाकीत ओतू नये. उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवून मग घालावे. तांब्याच्या घागरीतले पाणी आपल्याला चांगले म्हणतात, पण ह्या प्राण्यांना तांबे विष आहे. साबणाचे हात, तंबाखू चोळलेले हात, आणि सर्वांत वाईट म्हणजे पिकावर औषध फवारून आलेले हात टाकीत घालू नयेत. पिपाला पाणी उबदार लागते, पंचवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावे लागते, कारण हा खादाड आहे आणि खाईल तेवढी घाणही करतो. घाणीतून अमोनिया होतो, तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी स्वच्छ दिसते आणि प्राणी मरतो, असे घडते ते ह्यामुळे. पाणी गाळणारे यंत्र लावले तरी त्याचा प्रवाह मंद हवा. हा संथ पाण्यातला जीव, त्याला धार सोसत नाही.

दुसरी बाब जागा. एका जोडीला दोनशे लिटरची टाकी कमीत कमी. तळाशी बारीक खडे घालू नयेत. शोभा येते, पण हा प्राणी सावजाबरोबर तळचे जे असेल ते ओढून घेतो, आणि पोटात गेलेला खडा त्याचा जीव घेतो. त्यापेक्षा तळ मोकळा ठेवावा, वर उकळून घेतलेली वाळकी पाने पसरावीत. उजेड मंद. वर जाळीचे घट्ट झाकण. खायला गांडुळे आणि लहान मासे, आठवड्यातून दोन-तीनदा. रोज नको. पान पडल्यासारखा पडून राहणारा प्राणी, त्याला रोजची मेजवानी दिली तर तो नुसता सुजतो.

वीण व्हावयाची तर त्याला पावसाळा आला असे वाटावे लागते. हौशी लोक काय करतात, काही आठवडे पाण्याची पातळी हळूहळू उतरू देतात, खाणे थोडे कमी करतात. मग एकदम मऊ, किंचित गार पाणी भरपूर घालून टाकी वर आणतात, आणि खाणे वाढवतात. आपल्या डबक्यांतून मृगाचा पाऊस जे करतो तेच हे. त्यानंतर एखाद्या रात्री टाकीतून टिक्‌टिक् असा आवाज येऊ लागतो, धातूवर धातू आपटावा तसा. तो नर. त्याच्या घशातली हाडे एकमेकांवर आपटतात आणि पाण्यातल्या पाण्यात हाक जाते. हवेतल्या डरांवडरांवचे हे पाण्यातले रूप.

आणि इथे पुष्कळांचा प्रयोग फसतो. टाकी लांब-रुंद असते, पण पाणी जेमतेम एक फूट. कोलांटीला जागाच नाही! जोडी तळावरून उठते, पृष्ठभागाला आपटते, अंडी तळाला पडतात. रॅब दांपत्याचे निरीक्षण ज्याने वाचले, तो टाकीची उंची बघून घेतो. पाणी दीड-दोन फूट खोल हवे.

अंडी पाठीवर बसली की नराला वेगळे करतात, आणि मादीला मुळीच हलवत नाहीत. पहिल्या काही दिवसांत कातडी अंड्यांच्या भोवतीने वर चढते, आणि दहा-एक दिवसांत अंडी आत बुडून पाठ मधाच्या पोळ्यासारखी दिसू लागते. एकेका घरात एकेक जीव. बेडूकमाशाची अवस्था तो त्या घरातच पुरी करतो. त्याला तिथे शेपूट फुटते, पण पोहायला नव्हे. शेपटीच्या पातळ कातडीतून श्वासाची देवघेव होत असावी असे मानतात. तीन ते चार महिने, कधी थोडे अधिक, आई हे ओझे वाहते. मग एक दिवस पाठीवरची झाकणे हलू लागतात. एखाद्या भोकातून चांदणीच्या बोटांचा हात बाहेर येतो, एखाद्यातून नाक. आणि इंचभर लांबीचे, पुरते घडलेले पिल्लू सुटून थेट वर हवा घ्यायला धावते. सारी बाहेर पडली की आई जुनी कातडी टाकते.

इतके झाल्यावर आईने पिल्लांचे कौतुक करावे असे आपल्याला वाटणार. ती त्यांना ओळखत नाही. समोर हलले तर गिळेल. पिल्लेही एकमेकांची बोटे पकडतात. म्हणून त्यांना वेगवेगळ्या भांड्यांत थोडी थोडी ठेवावी लागतात, आधी जलपिसवा आणि बारीक किडे, मग गप्पी माशांची पोरे, असे खाणे द्यावे लागते. शंभर पिल्लांचे हे करायचे म्हणजे घरातल्या माणसांना सोसेल का, हा विचार वीण घडवण्याआधी करावा!

लहान घराला साजेसा ह्याचा एक भाऊ आहे, बुटका पिपा. व्हेनेझुएला आणि कोलंबियातला, दीड-एक इंचाचा. तोही अंडी पाठीवरच वाहतो, पण त्याचे पोर सुमारे महिन्याभरात बेडूकमासा होऊनच पाठीतून बाहेर येते, आणि हिरवट पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खात वाढते. म्हणजे एकाच घराण्यात एकाने शाळा अर्ध्यावर सोडली आणि दुसऱ्याने घरीच पुरी केली. आमच्या मते वर्गात सांगण्याजोगी ह्याहून चांगली तुलना मिळणे कठीण.

ह्या कुळातला तिसरा एक नातलग मात्र जरा काळजीचा आहे. आफ्रिकेतला नख्यांचा बेडूक, झेनोपस. १९३० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत काम करणारे लान्सलॉट हॉगबेन ह्यांना असे आढळले की बैलाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचला की ह्याची मादी अंडी घालते. त्यातून गरोदरपणाची परीक्षा निघाली. बाईच्या लघवीचा अंश मादीला टोचायचा. बाई गरोदर असेल तर बेडकी एका दिवसाच्या आत अंडी घालते. पुढे कित्येक वर्षे हे बेडूक हजारोंनी जगभर दवाखान्यांकडे आणि प्रयोगशाळांकडे गेले. ह्याच बेडकाच्या पेशींवर जॉन गर्डन ह्यांनी जे काम केले, त्याला २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. इतका उपकारी प्राणी. पण नव्या परीक्षा निघाल्या, गरज सरली, काही सुटले, काही सोडून दिले गेले. आज कॅलिफोर्नियात, चिलीत, फ्रान्समध्ये, सिसिलीत त्यांची रानटी वस्ती आहे, आणि ते तिथल्या पाण्यातले किडे, मासे, बेडूकमासे फस्त करतात.

त्यांच्या अंगावरून आणखी एक गोष्ट जाते. कायट्रिड नावाची बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते. कातडीने पाणी आणि क्षार सांभाळायचे, तेच बंद पडते आणि प्राणी मरतो. जगातल्या बेडकांच्या अनेक जाती तिने संपवल्या. तिचे मूळ पूर्व आशियात असावे असे २०१८ सालच्या संशोधनातून दिसले, पण तिला देशोदेशी नेले ते माणसाच्या प्राणिव्यापाराने. झेनोपसला ती लागली तरी तो सहसा मरत नाही, आणि म्हणूनच तो धोक्याचा. आपल्या पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ही बुरशी आढळली आहे.

तेव्हा टाकीतला प्राणी, मग तो बेडूक असो की मासा, नकोसा झाला म्हणून ओढ्यात सोडायचा नाही. दया म्हणूनसुद्धा नाही. उजनीच्या जलाशयात मासेमारांच्या जाळ्यात येणारा तो काटेरी सकर मासा काही भीमेचा नव्हे; तो मुळात दक्षिण अमेरिकेचा, काचेची टाकी स्वच्छ ठेवायला म्हणून विकला जाणारा. त्याने जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. टाकीचे जुने पाणीसुद्धा ओढ्यात ओतू नये. झाडालाही न घालता ब्लीचिंग पावडर टाकून, काही वेळ ठेवून, मोरीत सोडावे.

शाळेला पिपा मिळणार नाही, आणि मिळायची गरजही नाही. आपला अंगणातला भेक आहे. पावसाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर रात्री ओरडा ऐकू आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मुलांना घेऊन त्या डबक्यावर जावे. गवताच्या काड्यांना गुंडाळलेल्या लांबच लांब, पारदर्शक दोऱ्या दिसतील, आणि त्यांत काळ्या मण्यांसारखी अंडी ओवलेली. दीड-दोन दिवसांत ती फुटतात, म्हणून उशीर नको. वीतभर दोरी पुरे. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत त्याच डबक्याचे पाणी, त्यातलेच थोडे शेवाळ, आणि बरणी सावलीत. बेडूकमासे झाले की उकडलेल्या पालकाचे चिमूटभर तुकडे द्यावेत, उरलेले सायंकाळी काढून टाकावे. पाणी बदलताना पुन्हा त्याच डबक्याचे आणावे. पाय फुटले की बरणीत एक दगड पाण्याबाहेर डोके काढील असा ठेवावा, नाहीतर शेपूट आटलेली पिल्ले बुडून मरतात. भेकाला हात लावला की चामखीळ येते हे खोटे आहे, परंतु मोठ्या भेकाच्या डोळ्यांमागच्या फुगवट्यात विष असते हे खरे. हात धुवावेत, आणि हात लावण्याआधीही धुवावेत, त्याच्यासाठी. महिना-सव्वा महिन्यात नखाएवढी पिल्ले तयार होतात. ती त्याच डबक्याच्या काठी, तिन्हीसांजेला, ओल्या गवतात सोडावीत.

मुलांना वहीत रोज तारीख घालून एकच ओळ लिहायला सांगावी, आज काय दिसले. पुस्तकात मागचे पाय आधी आणि पुढचे नंतर असे लिहिलेले असते. पुढचे पाय बाहेर दिसण्याआधी कुठे असतात, तेवढे मात्र त्यांना सांगू नये. बरणीला भिंग लावून ते त्यांना पाहू द्यावे.